जैनोद्दीनची अर्धी राहिलेली मोटार

मी, बिभीषण बब्रुवान साळुंके, वय चोवीस, धंदा मिळेल तो, राहणार मूळचा तेर, हल्ली ट्रक थांबेल तिथं, शुद्धीत राहून आणि कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. उद्या तेरखेड्याचे फटाके भरून विजयवाड्याला निघायचंय. ट्रकचा ड्रायव्हर विड्या ओढतो. म्हणून हा कागद.

कलम १. तेरच्या घरातला माझा वाटा बहीण विठाबाई हिला. शेत नाही, बचत नाही. ट्रंक आहे, कडी मोडकी, तीही तिलाच.

कलम २. खरी मिळकत एकच. माझा मित्र जैनोद्दीन मिस्त्री याची मॉरिस मोटार. ती जळकोटात हिंमतरावांच्या शेडमध्ये उभी आहे. जैनू गेल्या साली काविळीनं गेला, जाताना मोटार माझ्या नावावर केली. का केली, त्यालाच ठाऊक. तो खाली निजून काम करायचा, मी वर बसून होस्पेटच्या गोष्टी सांगायचो. (तिथलं धरण मी बघितलंय, पण ते इथं नको.)

कलम ३. निजामी गेली तशा जहागीरदारांच्या मोटारी गोठ्यात गेल्या. जैनूनं पहिली ऑस्टिन आणली तेव्हा मागच्या गादीवर कोंबडी अंडी उबवत होती. पिल्लं निघेपर्यंत त्यानं त्या बाजूला हात लावला नाही. मडगार्ड वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोडीनं सरळ केले. शरणबसप्पानं ती घेतली आणि इंजिन काढून पिठाच्या गिरणीला जोडलं! जैनू गिरणीसमोर कान देऊन उभा राहायचा.

"शरणप्पा, टॅपेट वाजतंय."

"पीठ येतंय नव्हं? मग वाजू दे की!"

मग जैनूच आत घुसून आवळायचा. दुसरी फोर्ड वरातीला गेली, तिला पिवळा ऑइलपेंट फासला. त्या दिवशी तो जेवला नाही. मॉरिस कुणालाच देणार न्हाय म्हणाला, आणि अर्धी टाकून गेला. याचाच मला राग येतो.

कलम ४. ही मोटार अख्खी कुणालाच नको. हिंमतराव म्हणतात, "चाकं दे, माझ्या बैलगाडीला लावतो." जैनूची बायको रजियाबी म्हणाली, "भैया, दारात नका आणू. बघितली की वाटतं, आता खालून बाहेर येतील."

कलम ५. आयुब मिस्त्रीशी माझं वैर आहे. भर बाजारात तो म्हणाला होता, "जैनू मोटार दुरुस्त करत न्हाय, लाड करतो." मयतीलाही मी त्याच्याशी बोललो नाही. पण परवा शेडमध्ये हँडल घालून बघितलं. वर्षभर उभं राहिलेलं इंजिन गच्च बसतं, एवढं मलाही कळतं. हे अलगद फिरलं.

हिंमतराव म्हणाले, "आयुब येतो की दर बाजाराला. तेल सोडतो, हँडल फिरवतो, जातो. तुला सांगू नका म्हणला."

लई चीड आली. काय करावं अशा माणसाचं?

कलम ६. सबब सदर मोटार, जैनूच्या पान्यांसह, आयुबला द्यावी. चाकं उतरवू नयेत. पुरी झाल्यावर रजियाबीच्या दारावरून न्यायची तर आधी जाऊन सांगावं. नको म्हणाली तर दुसऱ्या रस्त्यानं न्यावी.

कलम ७. मी जिवंत परत आलो तरी कलम ६ कायम. तेव्हा आयुबशी बोलावं लागेल, ते मी बघून घेईन.

सही: बिभीषण बब्रुवान साळुंके

साक्षीदार:
१. शरणबसप्पा, गिरणीवाले
२. हिंमतराव (चाकांची तक्रार राखून)

जळकोट, ता. तुळजापूर, जि. उस्मानाबाद
३ ऑक्टोबर १९६१