खांबाजवळचा वरवंटा

सोमवार, ६ जानेवारी
नात शिवांजलीनं वही दिली. म्हणाली, आज्जी, दिवसभर जे बोलतीस ते हितं लिही, आमच्या कानाला जरा सुट्टी. लय गुणाची पोर. मी चौथीपातुर शिकले, तेवढं पुरंल.
आज नगरपंचायतीचा मुकादम ज्योतिबा कागद देऊन गेला. फाटकापासनं गटारीपातुर रस्ता साफ ठेवायची जबाबदारी ज्याच्या त्याच्या घरमालकाची. घाण दिसली तर फाटकाला नोटीस. पण सव्वीस जानेवारीला गल्लीतल्या सगळ्यात चकाचक दाराला पितळी पाटी मिळणार, ‘स्वच्छ दार’! मी लगेच खिळा कुटं ठोकायचा ती जागा बघून ठेवली. सून क्रांती म्हणाली, आत्ती, आपल्या दारात लायटीचा खांब हाय, अख्खी गल्ली तितंच कचरा टाकती. म्हणलं, ते माज्यावर सोड. वीस दिवस म्हंजी लय झाले.

बुधवार, ८ जानेवारी
तीनदा झाडलं. थोडा पाला समोरच्या विनोदिनीच्या दारात गेला, पण ती वाऱ्याची करणी. वारा नेमका माज्या खराट्याच्या मागनं येत होता, एवढंच.
मग खांबाजवळ खुर्ची टाकून पहारा. सात जण आले, सातीजणांची चौकशी केली. एकाच्या सुनेला दिवस गेल्यात. किती गोड बातमी! उठून बघते तर खुर्चीमागं सात पिशव्या. टाकणारे कवा येऊन गेले, कळलंच न्हाई. माणसं लय चलाख झाल्यात.

गुरुवार, ९ जानेवारी
शिवांजलीनं पुठ्ठ्यावर लिहून दिलं, ‘येथे कचरा टाकू नये’. खांबाला बांधला. संध्याकाळी पुठ्ठा कचऱ्याखाली सापडला.

शुक्रवार, १० जानेवारी, दुपारी एक
गल्ली जेवून आडवी झाल्याली. नवा प्लॅन. पाट्यावरचा वरवंटा घेतला, आमच्या सासूबाईनी औंधाच्या जत्रेतनं डोक्यावर आणलेला. त्याला तेल-शेंदूर फासला आन खांबाच्या बुडाशी उभा रोवला. वर एक झेंडू. आता टाका म्हणावं पिशव्या!
ह्यात फसवणूक काय न्हाई. मी कुटं म्हणलं ह्यो देव हाय? मी निस्ता रंगवला. सव्वीसला पाटी लागली की धुऊन परत पाट्यावर. कुणाला सांगायचं न्हाई. क्रांतीला तर न्हाईच.

शनिवार, ११ जानेवारी
एक पिशवी न्हाई! विनोदिनीनं चपला काढून हात जोडले. मी पदरात तोंड घालून हसले. आन फाटकाला खिळा ठोकून टाकला.

सोमवार, १३ जानेवारी, भोगी
क्रांती सकाळधरनं वरवंटा हुडकती. म्हणलं, आसंल कुटंतरी, दगडाला काय पाय हाईत? वाटण मिक्सरात केलं. भाजी पचपचीत. मी दोनदा मागून घेतली, संशय नको.
खांबापाशी तीन करवंट्या पडल्यात. तीन म्हंजी काय लय न्हवं.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत
बायका ववसायला देवळात जायच्या, त्या औंदा माज्या खांबाला आल्या! देऊळ लांब पडतं म्हणं. विनोदिनीनं नावबी ठेवलं, खांबाई. सुगडं, गाजरं, बोरं, उसाची कांडकी, हळदीकुंकवाचा सडा. त्यांच्या मागनं शेळ्या आल्या. शेळ्यांनी खाल्लं, आन तितंच लेंड्या टाकून गेल्या.
एकटीच लांब उभी ऱ्हायले तर वाईट दिसतं, म्हणून मीबी ववसले. पाया पडताना ध्यानात आलं, शेंदरात वरवंटा लय रूपवान दिसतो.

शुक्रवार, १७ जानेवारी
काम दुप्पट झालं. आधी पाला वाऱ्यावर सोडता यायचा. आता निर्माल्य. ते विनोदिनीच्या दारात कसं लोटायचं? उद्या सगळ्यांना खरं सांगून टाकणार. नक्की.

शनिवार, १८ जानेवारी
न्हाई सांगितलं. विनोदिनी म्हणाली, खांबाईला तेल घातल्यापासनं माझा गुडघा उतरला. आता मी बोलले आन तिचा गुडघा परत सुजला तर? तेवढं पाप नको.

मंगळवार, २१ जानेवारी
प्लॅन असा, की दुपारी टोपलीत झाकून वरवंटा उचलायचा. हात लावला तवर विनोदिनी माडीवरनं वराडली, आवं बनुबाई, चपला! देवीम्होरं चपला घालून? वय झालं तसं भानबी गेलं व्हय? मी चपला काढीपातुर धा बाया जमल्या. मग आरतीच झाली. मान म्हणून ताट माज्याच हातात दिलं. माझा आवाज अजून खणखणीत हाय, सगळ्या म्हणाल्या.
प्रसादाचे द्रोण गटारीपातुर गेल्यात.

शुक्रवार, २४ जानेवारी
ज्योतिबा तपासणीला आला. म्हणाला, आज्जी, दार तुमचं, म्हंजी घाणबी तुमची. मग मात्र ऱ्हावलं न्हाई. सगळ्यांम्होरं वराडले, आरं ह्यो देव न्हवं, माझा चटणीचा वरवंटा हाय! सासूबाईनी आणलेला! मीच शेंदूर फासला!
विनोदिनीच्या डोळ्यात पाणी. म्हणाली, बघा गं, इतकी वर्सं देवी हिच्या घरात चटणी वाटत राबली, आन ह्या येडीला पत्ता न्हाई. सगळ्या माज्याच पाया पडल्या. क्रांती तेवढी पडली न्हाई. ती म्हणाली, तरीच म्हणलं भोगीला मिक्सर का.
ज्योतिबानं बूट काढून दर्शन घेतलं, बूट घालून वहीत कायतरी लिवलं. चांगलंच लिवलं आसंल.

रविवार, २६ जानेवारी
पाटी विनोदिनीला मिळाली. तिच्या दारात काडी न्हाई. कशी आसंल? समदी गल्ली फुलं व्हायला, नारळ फोडायला, परसाद खायला माज्या दारात येती.
नोटीस आमच्या फाटकाला, माज्याच खिळ्याला अडकवली. खिळ्याची जागा मात्र मी चांगली बघितली व्हती. लांबनंबी दिसती.

सोमवार, २७ जानेवारी, सकाळी सहा
झाडायला गेले. कोण न्हवतं. चपला काढल्या. इकडं तिकडं बघितलं आन हळूच नवस बोलले, आई खांबाई, म्होरच्या सव्वीसला पाटी माज्या दारावर लागू दे. तुज्या जोडीला पाटाबी आणून घालीन.