छपरावरचे अंगठे

४ ऑक्टोबर
आज तांब्याचे पत्रे डोंगरावर चढले. रस्ता संपतो तिथून पुढे खांद्यावर. घरमालकांना साधेपणाची आवड, म्हणून फक्त बारा खोल्या. राहणार वर्षातून वीस दिवस.

मालकीणबाई मोबाइलवर फोटो घेऊन आल्या — दोनशे वर्षांत तांबं हिरवंगार झालेलं छप्पर. "असंच हवंय. पण नवं." मी म्हटलं, दोनशे वर्षं थांबाल? "डिसेंबरात पाहुणे आहेत हो."

५ ऑक्टोबर
हातमोजे वाटले. कोऱ्या तांब्याला उघडा हात लागला की घामाचा ठसा राहतो आणि आठवड्याभरात काळा पडतो. चौघा कारागिरांना तीनतीनदा बजावलं. मामंजींना नाही. सासऱ्यांनीच शिकवलेलं सासऱ्यांना ऐकवण्याइतकं माझं धाडस अजून वाढलेलं नाही.

८ ऑक्टोबर
या कामात खिळा नसतो. शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींत दुमडायच्या, परत दुमडायच्या, लाकडी हातोडीनं बसवायच्या — झाली शिवण. सगळ्यात वरची, आढ्यावरची शिवण आजवर मामंजींनीच घातली. कुणाला हात लावू दिला नाही. वय सत्त्याहत्तर.

आमचे 'हे' स्टुलावर चढले तरी भिंत धरतात, म्हणून धंदा माझ्या गळ्यात. अठरा वर्षं मामंजींच्या हाताखाली आहे. कौतुक एकदाच झालं — "बरंय." तेही चहाला.

१३ ऑक्टोबर
डाग! पुढच्या उतरणीवर, शिवणींच्या कडेनं, काळे. मालकांनी दुर्बिणीतून शोधले. माणसाला छंद हवाच.

चौघांना फैलावर घेतलं. थोरला कारागीर म्हणाला, "वहिनी, आता मोजे कातडीलाच शिवून घेऊ का?" मी म्हटलं, मग भुतं येऊन अंगठे उठवतात वाटतं. मालकांचा हुकूम आला — ज्यानं केलंय त्याला आजच्या आज घरी पाठवा. दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

१४ ऑक्टोबर
चौघांच्या मोज्यांची तपासणी. एकातही भोक नाही. लाज वाटली ती मलाच.

१५ ऑक्टोबर
जेवणाच्या सुट्टीत एकटी वर गेले. डाग जवळून पाहिले. हातभर अंतरानं एकच अंगठा, टोकाला डावीकडे वाकलेला. तसा अंगठा या डोंगरावर एकाच माणसाला आहे.

मामंजी मागच्या उतरणीवर होते. कमरेला दोर, उजव्या हातातला मोजा काढलेला. शिवणीवरून अंगठा फिरवत चालले होते. नजर भलतीकडेच. एका जागी थांबले, हातोडीचा हलकासा ठोका दिला, पुढे सरकले. त्या जागी शिवण खरोखरच उचललेली होती.

मी समोर चार पावलांवर, भर उन्हात उभी.

"कोण आहे?" म्हणाले.

१६ ऑक्टोबर
मालकांना सांगितलं, डाग माझे. मोजे घातले की मला काम सुधरत नाही. "तुम्ही? तुम्ही तर कंत्राटदार!" म्हटलं, हो, आजच घरी जाते. आढ्याची शिवण कोण घालणार तेवढं बघून ठेवा. मालकांना एकदम डिसेंबर आठवला. मालकीणबाई म्हणाल्या, "राहू दे ना. हातानं केलंय हे कळतं तरी." झालं, डागांची कला झाली! वर्षाभरात सगळं छप्पर काळवंडेल आणि कला बुडेल, हे काही मी बोलले नाही.

संध्याकाळी मामंजींना विचारलं, कधीपासून? "मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं." आणि असे वर चढता? "शिवणीला डोळे कशाला लागतात?" म्हटलं, मामंजी, उद्यापासून वर यायचं नाही. अठरा वर्षांत त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं.

"आणि आढं?"

"मी घालीन."

ते जेवले नाहीत. मग मी तरी काय जेवणार?

१७ ऑक्टोबर
अबोला.

२० ऑक्टोबर
आढ्याची शिवण घातली. मामंजी खाली खुर्ची टाकून, छपराकडे पाठ करून बसले होते. पाठ फिरवण्यातही माणसाची सफाई असते. हातोडी थांबली की त्यांची मान तेवढी हलायची.

२१ ऑक्टोबर
"एकदाच वर ने," म्हणाले. दोन दोर बांधले, पुढे-मागे कारागीर. मामंजींनी मोजा काढला आणि आढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला. परत फिरवला. मग मला विचारलं, "ही मी कधी घातली?"