भाऊबीजेचे शेअर

मानक नगर, लखनौ
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. उरलेले पैसे भरा म्हणून कंपनीची नोटीस आलीय, आता काय करू, असं विचारतोस. सांगते. आधी माझ्या कामातली एक गंमत ऐक.

विद्यापीठात सध्या मी एका इंग्रज अधिकाऱ्याची पत्रं वाचते आहे. १८१४ साली तो इथे लखनौत होता. विधवा बहिणीला लिहितो, पैसा घरात ठेवू नकोस, विमा कंपनीचे शेअर घे, माझेच तुझ्या नावावर करून देतो. त्या काळी विमा उतरवलेलं जहाज बुडालं की भरपाई शेअरवाल्यांच्या खिशातून जायची. ओळीने तीन बुडाली. बहिणीचं घर विकलं गेलं. भावाने पुढच्या पत्रात लिहिलं, तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो. हे वाचून मी इतकी हसले, की तुझा मेहुणा निरंजन हातातला चहा ठेवून बघायला आला.

ब्याण्णव साली तूही स्वतःच्या वडिलांना, अण्णांना, तुझे शेअर दिलेस. निम्मेच पैसे भरलेले, बाकीचे कंपनी मागेल तेव्हा. "घरचीच चीज आहे, अण्णा, बाहेरच्याला कशाला देऊ?" कंपनी बुडणार हे तुला महिनाभर आधी कळलं होतं, तुझ्या दलालानेच मला नंतर सांगितलं. अण्णा नोटिसा भरत राहिले. आईचं ऑपरेशन पुढे ढकललं, ते राहूनच गेलं. तिच्या तेराव्याला तू मला जवळ घेऊन धीर दिलास.

गेल्या भाऊबीजेला तू इथे आलास, ओवाळणीत साडी घातलीस, आणि मी माझे शेअर तुला निम्म्या भावात दिले. तेही अर्धेच भरलेले. तेलीबागेच्या पुढे कंपनीचा मोठा कारखाना उभा राहतोय असं मी म्हटल्यावर तू खुशीत चार अनारसे खाल्लेस.

त्या जागेबद्दल आमच्या दूधवाल्याला मी दिवाळीच्या आधीच विचारलं होतं. तो म्हणाला, "फैक्ट्री कहाँ, भाभीजी? वहाँ तो हमारी भैंसें बँधती हैं." म्हणूनच तुला दिले. तुझ्या नेत्राच्या लग्नाचे पैसे त्यात जातील हे मला ठाऊक होतं. पोर माझी लाडकी आहे, तिचं वाईट वाटतं. तरी दिले. तेव्हा नोटीस भर, दादा. घरचीच चीज आहे. मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते.

तुझीच, तुझ्याकडूनच शिकलेली,
विजया