फाटक नसलेलं शेत

१० जून, वर्ष पहिलं
निर्धार. ज्वारीच्या ओळींमध्ये माळरानाची देशी झाडं लावणार. कडेने बाभूळ, बोर, खैर यांचं जिवंत कुंपण. सरकारी झाडं लावा योजनेच्या फॉर्मवर सही ठोकली : परवानगीशिवाय फांदीसुद्धा तोडणार नाही. बायको म्हणाली, तिसऱ्या वर्षी तपासणीत पास झालात तर शेत ठेवू, नाहीतर मुकाट्याने लेकीकडे राहायला जायचं. मान्य. लेकीच्या दोन खोल्यांत जीव गुदमरतो. मी मोकळ्या हवेचा माणूस.

१२ जून
मेहुण्याची नर्सरी आहे, म्हणून अक्कल शिकवतो. दाजी, फाटकाला जागा सोडा म्हणाला. फाटक म्हणजे शेळ्यांना आमंत्रण! सोडली नाही. रोपं वीतभर आहेत, ओलांडून जातो.

४ मार्च, वर्ष दुसरं
अजून वीतभरच. मेहुणा म्हणतो, ही झाडं आधी जमिनीखाली मुळं धरतात, मग एकदम उसळतात. थापा. कुंपणाला आणखी दोन ओळी लावल्या.

२० जून, वर्ष तिसरं
बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. मी दोन महिन्यांचा शिधा घेऊन शेतातल्या खोपीत. तपासणीपर्यंत हलणार नाही. उद्यापासून पहाटे व्यायाम.

२१ जून
व्यायाम सोमवारपासून.

१८ जुलै
झाडं कमरेच्या वर! मेहुण्याचा अंदाज चुकून बरोबर आला.

२ ऑगस्ट
डोक्याएवढी. काटे एकमेकांत गुंतलेत. बाहेर पडायला वाट नाही. घाबरलेलो नाही, मला कुठे जायचंय? मोबाइल बंद पडला. शांतता मिळाली.

९ ऑगस्ट
मीठ संपलं. मीठ तब्येतीला वाईटच. कोयता उचलला. सही आठवली. ठेवला. थोडा रडलो.

२० ऑगस्ट, सकाळी ११
तपासणीचे साहेब आले. बाहेरून एक फेरी मारली. मी आतून घसा फोडला, पण पाऊस धो धो.

२१ ऑगस्ट
बायको, मेहुणा, लेक, नातू, सगळे कुंपणापलीकडे. बायकोने शेरा मोठ्याने वाचला : झाडं उत्तम, लाभार्थी जागेवर आढळला नाही, सबब नापास. लेकीने नातवाला उंच धरलं. काट्यांतून एक कान दिसला. माझ्यावरच गेलाय.

बायको म्हणाली, ठरल्याप्रमाणे चला आता. चलतो म्हणालो. अगदी मनापासून. दोन खोल्या काय वाईट आहेत?

कोयता घेतला तर मेहुणा ओरडला, दाजी, थांबा, नापास झालात तरी सही लागूच आहे. तोडायला परवानगीचा अर्ज लागतो. फॉर्म त्याने आणलाच होता. काठीला बांधून वरून आत दिला. भरला. शेवटची ओळ आत्ता वाचली.

अर्जदाराने कचेरीत समक्ष हजर राहावे.