नव्या मागाचे दात

ता. ४ मार्च १९५६
नवा माग घरी आला! जुना खड्ड्यातला, पाय खाली सोडून बसाचा. हा उभा, साहेबासारखा. बाजूले दोन लोखंडी चाकं, एकाचे दात दुसऱ्याच्या दातात. विणलेलं लुगडं आपोआप गुंडाळते म्हणे. पोराले, जागेश्वरले, सांगून टाकलं, नातीच्या लग्नाचं लुगडं मीच विणीन. अक्षयतृतीयेच्या लय आधी. गॅरंटी. चाकांले तेलाचं बोट, हळदकुंकू, अक्षता. दातादाताले लावलं, कोणी रुसाले नको. ही वहीबी नातीची, उत्तराचीच, अक्षरं तिनंच शिकवली मले. लय गुणाची पोरगी.

ता. ७
चाक मधातच कट्ट करते अन् दात सुटते. एक पट्टा गोणपाटासारखा जाड, पुढचा मच्छरदाणी. सून वच्छला म्हणे, सासूबाई, पोरगी लुगड्यातून आरपार दिसन. बोलाले काय लागते! चाकं दूर बसवली होती, दुसरं काय. मी जवळ सरकवली. उद्यापासून फस्क्लास.

ता. ८
फस्क्लास नाही. आता फिरतच नाही, दातखीळ बसल्यावाणी. नजर लागली. शेजारची रुखमाबाई परवा म्हणून गेली, लय सुंदर माग आहे वं बाई. चाकं परत होती तिथं सरकवली. पूजा वाढवली. अक्षता मूठभर, तेल ज्यादा, म्हणजे चिकटून राहतीन.

ता. १२, दुपार
धरमपेठेतून मार्तंड फिटर आला. बाहेरचा माणूस येणार म्हणून चाकं पुसून चकाचक करून ठेवली होती. त्याच्यापुढं माग गुपचूप चालला. म्हणे, आजी, बिघाड कुठंच नाही, दात कोरे आहेत. कायचा फिटर! तो गेल्यावर पूजा करून बसली, तर हातभर विणत नाही तोच कट्ट.

ता. १६
तीन दात घासाचे ठरवले. जागेश्वरनं कानस लपवली. म्हणे, माय, इतवारीतून तयार लुगडं आणू. बाजारचं लुगडं, माह्या उत्तराच्या अंगावर? आम्ही विणकर आहो का कोण? जेवली नाही. फक्त थोडी खिचडी.

ता. २०
लग्नाच्या मसाल्याले मिरची पाहिजे. भिवापूरले भाऊ बाबनरावकडं चालली. वच्छलेले बजावलं, मागाची पूजा चुकवू नको वं, माह्याशिवाय उपाशी राहीन तो. ती लगेच हो म्हणाली. मलेच नवल वाटलं.

ता. २६
आली. मिरची फस्क्लास. अन् लुगडं जवळजवळ झालं! एकसारखं, पाण्यावाणी. म्हटलं, पाहा, शेवटी पूजा फळली. वच्छलेनं वाटी पुढं केली. तेलात काळे पडलेले तांदूळ, हळदकुंकवाचा लगदा. म्हणे, तुमची गाडी निघाल्याबरोबर दातांतून कोरून काढलं. सासूबाई, चाकाले जेवाले नका घालत जाऊ.
उत्तरा हसून राहिली होती. जागेश्वर भिंतीकडं पाहे.
फिटरनं हेच सांगाचं न मंग.

ता. २७
वच्छलेनं पदर माह्यासाठी ठेवला होता. बसली. हात अक्षतांच्या वाटीकडं गेला, तर उत्तरानं धरला अन् कपाळ पुढं केलं. म्हणे, आजी, त्या मले टाक. टाकल्या.
पदर पुरा विणला. एकदाबी कट्ट झालं नाही.
मले थोडं वाईटच वाटलं.