नीलम्माचा तबला

सोलापूर,
ता. ९ जानेवारी १९३४

तीर्थरूप आबांच्या चरणी मायाक्काचा साष्टांग नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे, पण मन थाऱ्यावर नाही. आमच्या शाळेच्या वाद्यवृंदात तबला वाजवणारी नीलम्मा, जिच्याविषयी मी दिवाळीनंतर लिहिले होते, तिची मोहोळच्या कापडवाल्यांकडे ठरत आलेली सोयरीक मोडायला आली आहे. मुलीने पेटी वाजवलेली लोक चालवून घेतात. तबल्याचे नाव निघाले की त्यांना तमाशा आठवतो. म्हणून सुपारी फुटेपर्यंत बाहेर कळू देऊ नका, असे तिच्या आईने मला बजावले होते. मी दारे लावून तालीम घेत होते. तरी परवा मोहोळहून निरोप आला, मुलगी फडात बसवायची आहे की संसारात? आता वडील तिला शाळेतूनच काढणार म्हणतात.

बातमी नेली कोणी? मला पेटीच्या बाई, यशोदाबाई, यांचाच संशय येतो. त्यांचे माहेर मोहोळ. नाताळात त्या तिकडे जाऊन आल्या आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. काल मी खोलीत शिरताच बोलता बोलता गप्प झाल्या. वाद्यवृंद माझ्याकडे दिल्याचे त्यांना सलतेच. मेंढरे हाकणाऱ्याच्या लेकीला ताल शिकवावा लागत नाही, असे एकदा हसत म्हणाल्याही होत्या. मी मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर घातले. त्यांनी यशोदाबाईंना तालमीला यायची मनाई केली. मी चुकले तर नाही ना? बाजारात त्यांच्या माहेरचे कोणी भेटले तर काय बोलतात ते कळवावे.

आईस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
मायाक्का

मोहोळ, बाजारचा दिवस

चि. मायाक्कास अनेक आशीर्वाद. (धुळाप्पा सांगतात तसेच उतरवतो. — कमलाकर गुरुजी)

माये, हितं समदं बरं हाय. मेंढरं कातरून झाली. तू लई इचार करतीस, ल्हानपणापास्नं तशीच की. त्या बाईच्या म्हायेरचं कुनी भेटलं न्हाय. पर गुरप्पा कापडवाल्यानं असा निरोप धाडला ह्याचं नवल वाटतंय. लई गोड मानूस. तुजं पत्र आलं की बाजारादिवशी आमी त्येच्याच दुकानाम्होरं बसतो, तितं सावली हाय. गुरुजी मोठ्यानं वाचत्यात. धनगराच्या लेकीचं पत्र म्हटल्यावर मानसं हालत न्हाईत. दिवाळीमागचं तबल्याचं तर मी दोनदा वाचाया लावलं. पोरगी कुनाची, असं गुरप्पानं सवताहून इचारलं आन मला च्या पाजला.

आजचं पत्रबी तितंच वाचलं. त्या बाईचं आलं तवा मानसं कुजबुजली. गुरप्पा कापड मोजत ऱ्हायला. तू जिवाला खाऊ नगंस. येळंवर जेवत जा.

सोलापूर,
ता. १७ जानेवारी १९३४

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार वि. वि.

गुरुजींना विनंती, हे पत्रही त्याच दुकानासमोर तितक्याच मोठ्याने वाचावे.

यशोदाबाईंनी मोहोळात कोणाला काही सांगितले नव्हते. सांगितले ते मी. घरी लिहिलेले बाहेर जाईल, हे माझ्या मनात आले नाही. आणि त्या आजारी आईसाठी माहेरी गेल्या होत्या; मी कधी विचारलेच नाही. मुख्याध्यापिकाबाईंसमोर त्यांची क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या की, माझे नाव जिथे खाली पाडले तिथूनच ते उचला. म्हणून हे बाजारात सांगते आहे.

नीलम्माच्या आईने मला उंबऱ्याबाहेरच उभे केले. कापडवाल्यांचा शब्द आल्याशिवाय मुलगी शाळेत जाणार नाही, असे वडिलांनी आतून सांगितले.

गुरप्पाकाका, तुम्ही ऐकत असालच. तबला नीलम्माने मागितला नव्हता, मी तिच्या हाती दिला. वाजवताना एखादी मुलगी चुकली तर नीलम्मा हात हलका करते, तिला ठेक्यात येऊ देते, आणि ऐकणाऱ्याला कळूही देत नाही. अशी सून हवी की नको हे तुमचे तुम्ही ठरवा. पण तिची शाळा तुमच्या एका निरोपाने सुटली आहे. जे म्हणायचे असेल ते आबांजवळ म्हणा. गुरुजी तिथेच, सगळ्यांदेखत, उतरवून घेतील.

आबा, रागावू नका. लेकीवर लोभ आहे तसाच ठेवावा.

आपली,
मायाक्का