ट्रॅक्टर कामणलाच घ्यायचा

कामण, ९ मे

तीर्थरूप दादास, कृष्णाचा शिरसाष्टांग नमस्कार.

(मायना शाळेत बाईंनी शिकवला तसा लिहिला आहे. पुढच्या ओळीपासून मी अरे-तुरेवरच येणार, राग मानू नको.) तुझी साखर कशी आहे? वहिनी सांगत होती की तू जेवणानंतर अर्धाच पेढा खातोस आणि ती आत गेली की उरलेला अर्धा. तिचे नवे दात बसले का? आमच्याकडे सगळे खुशाल. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'दादा' म्हटलं की तू 'मी हर्षवर्धनशेठला शब्द दिलाय' म्हणतोस आणि तेवढ्यात रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही. तर आधी निकाल सांगते, कारण पुढचं तू वाचशील याची मला खात्री नाही. तुझ्या त्या मित्राच्या नाशिकच्या शोरूममधून मी ट्रॅक्टर घेणार नाही. इथे कामणला घेणार. आता हे कसं ठरलं ते ऐक.

आपली तीन एकर आता दोन गोदामांच्या मधे राहिली आहे, हे तू बघितलंच आहेस. अल्पेश त्यातल्याच एका गोदामात सुपरवायझर आहे. ट्रेलर उभे करायला जागा द्या म्हणून एक ट्रान्सपोर्टवाला वर्षभर त्याच्या मागे लागलाय. गेल्या पावसात भाड्याचा ट्रॅक्टर अकरा दिवस उशिरा आला, चिखलणी रखडली, रोपं राबातच पिवळी पडली. तेव्हा अल्पेश म्हणाला, आई, पुढच्या वर्षी लावणी वेळेत झाली तर जमीन तुझी, नाहीतर ट्रेलरवाल्याला देऊन टाकू. मुलगा वाईट नाही. त्याला रोज ट्रेलरच दिसतात, त्याला भात कुठून सुचणार? (तुझा भाचा आहे, म्हणून जास्त बोलत नाही.) मी म्हटलं, ठीक आहे, ट्रॅक्टर आपलाच घेऊ. तेव्हा हे ध्यानात ठेव की चिखलणीच्या पंधरवड्यात हा ट्रॅक्टर एकदा जरी बंद पडून राहिला, तरी माझ्या शेतात चाकं उगवणार आहेत.

मार्चमध्ये तुझ्या शब्दाखातर आम्ही नाशिकला गेलो. शोरूम बघून मी पायातल्या चपला बाहेर काढल्या, तर अल्पेशने परत घालायला लावल्या. आत इतका गारवा की पदर कानावर घेतला. मसाल्याचा चहा, काजूची बशी, वर हर्षवर्धनशेठ स्वतः उठून आले आणि तुझी चौकशी केली. मग कुणी काही ठरवायच्या आत मला एका लाल ट्रॅक्टरवर बसवलं, गळ्यात हार घातला, हातात परातीएवढी पुठ्ठ्याची चावी दिली आणि फोटो काढला. (तो फोटो दुसऱ्या दिवशी 'आमच्या समाधानी ग्राहक' म्हणून सगळीकडे फिरला. आमच्या आळीतल्या बायका अजून पेढे मागतात.) भाव खरंच कमी होता, वर छत फुकट देत होते. अल्पेश तर सही करायला पेन शोधत होता.

मी एकच विचारलं. कामणला चिखलात हा बंद पडला तर कोण येणार? शेठ म्हणाले, त्याची काळजीच नको, चोवीस तास हेल्पलाइन आहे. म्हटलं, मग आत्ताच बोलून बघते. शेठना तो विनोद वाटला असावा. मी त्यांच्याच सोफ्यावर बसून नंबर लावला. हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी दोन दाबा, मग बराच वेळ सनई, आणि मग शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला. आम्हाला चहा दिलेल्या मुलीने तो उचलला. आता आम्ही दोघी समोरासमोर. ती पोरगी गुणाची, कामात कसूर नाही. माझ्याकडेच बघत तिने फोनमध्ये माझं नाव, गाव, तालुका विचारून घेतला आणि म्हणाली की बहात्तर तासांत मेकॅनिक पोहोचेल. मी तिला फोनवरच थँक्यू म्हटलं.

मग मी मागे जाऊन मेकॅनिकलाच गाठलं. वर्कशॉप इतकं स्वच्छ की तिथे पापड वाळत घालावेत. तो बिचारा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मावशी, खरं सांगू का, मी कसारा घाट कधी उतरलेलोच नाही. मला गाडी लागते." दादा, त्या सगळ्या शोरूममध्ये खरं बोलणारा तोच एक भेटला. त्याला मी माझ्याकडच्या आवळासुपारीची पुडी देऊन आले.

आता इथला रॉकी तुस्कानो. नाक्याच्या पुढे भिवंडी रस्त्याला त्याची शेड आहे. आम्ही गेलो तेव्हा तो उठला नाही, कारण तो एका ट्रॅक्टरच्या खाली होता. तिथूनच म्हणाला, भाव लिहून लावलाय, वाचा. भाव जास्त. विकायला ट्रॅक्टर एकच, तोही ताडपत्रीखाली. चहाचं नाव नाही. अल्पेश म्हणाला, चल. मी म्हटलं, तू जा. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि त्याच्या शेडमधल्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. (सून घेताना इतकी चौकशी केली नव्हती, पण सून बंद पडत नाही.) शेड चिखलाने माखलेल्या ट्रॅक्टरांनी भरलेली. आधी मला आनंद झाला, मग शंका आली. दवाखान्यात गर्दी आहे म्हणजे डॉक्टर चांगला, की त्याच्याच औषधाने लोक पडतायत? म्हणून येईल त्याला विचारत बसले. पोमणचा एक शेतकरी तर आल्यापासून रॉकीवर नुसता ओरडत होता. हा ट्रॅक्टर दिलास की डोकेदुखी दिलीस, तुझ्या दारात परत पाय ठेवणार नाही, वगैरे. रॉकी नट आवळत राहिला. ट्रॅक्टर सुरू झाला, त्या आवाजात तो माणूस काय बोलतोय ते ऐकू येईना, तरी तो ओरडतच ट्रॅक्टरवर बसून घरी गेला. रॉकी म्हणाला, दर वर्षी येतात. तेव्हा मला उमगलं की ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस हाकेच्या अंतरावर पाहिजे. सनईवर किती ओरडणार?

संध्याकाळी रॉकीने विचारलं की मी नेमकी कशाला बसते. मी अट सांगितली. चिखलणीच्या दिवसांत बोलावलं की त्याच दिवशी यायचं. तो म्हणाला, "लिहून देनार नाय. येईन. रविवार असला तर चर्चात मिस्सा झाल्यावर."

शब्दावर मी विश्वास ठेवत नाही, हे तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता फोन केला की अल्पेशच्या बाबांचा जुना पॉवर टिलर सुरू होत नाही. (तो चार वर्षं गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात आहे.) पाऊण तासात रॉकी स्कूटरवर हजर. मशीन असं ठेवतात का म्हणून त्याने मलाच झापलं, कोंबड्या हाकलल्या, दुपारपर्यंत ठोकाठोक केली आणि टिलर खरोखर सुरू झाला. सुरू झाला तो थांबेना. गोठ्यातून निघाला, अल्पेशची मोटारसायकल आडवी केली, कुंपण घेऊन गोदामाच्या आवारात शिरला आणि वॉचमनच्या खुर्चीवर चढून शांत झाला. वॉचमन नशिबाने चहाला गेला होता. रॉकीने जाऊन पाहिलं आणि म्हणाला, इंजिन चांगलं आहे. अल्पेश माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मी म्हटलं, बोलावलं तेव्हा आला ना? मग ठरलं. अल्पेशने एक तारखेला ऑर्डरवर सही केली.

तेव्हा हर्षवर्धनशेठना तूच काय ते सांग. राग आला तर माझं नाव सांग, मी ऐकून घेईन. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. 

तुझी धाकटी बहीण,
कृष्णा

ता. क. : लिहायचं राहिलंच. ट्रॅक्टर चालवणार कोण? अल्पेशला पावसाळ्यात रजा नाही. मी रॉकीच्या शेडमागे शिकते आहे, पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. तू पाटबंधारे खात्याचा ट्रॅक्टर बावीस वर्षं चालवलास. तर जून अखेरीला वहिनीला घेऊन पंधरा दिवस ये. गावात ड्रायव्हर मिळतात, मला माहीत आहे. पण आपल्या शेतात पहिली चिखलणी तू करावीस असं मला वाटतं. 

ता. क. २ : खरं सांगते. दादा येणार आहे, त्याने कबूल केलंय, असं मी अल्पेशला आधीच सांगून ठेवलं आहे आणि त्यावरच त्याने सही केली. तर 'येतो' म्हणून लगेच पत्र पाठव. तारीख एप्रिलची घाल. पाकीट मी चुलीत घालीन.